आजऱ्याच्या अलीकडे

सुरुवातीलाच क्षमा मागतो. एका कादंबरीकाराविषयी लिहायला मी बसलो आहे आणि माझा अधिकार एवढाच, की दोन वर्षं त्यांच्या शेजारच्या स्टुलावर बसून मी दूध सोसायट्यांच्या अहवालांची प्रुफं वाचली. त्यांच्या पुस्तकांवर ज्यांनी लिहायला हवं त्यांनी लिहिलं आहे. पुण्या-मुंबईच्या मासिकांत ते छापून आलं आहे आणि त्यातले निम्मे शब्द मला कळलेले नाहीत. आमच्या घरी पुस्तक म्हणजे शाळेचं, तेही वर्ष संपलं की धाकट्याला द्यायचं. वडील सही करताना अजून जीभ बाहेर काढतात. घरातून कॉलेजात गेलेला मी पहिला. तेव्हा शैली वगैरे मला विचारू नये. मला फक्त सर दिसतात, आणि दिसतात ते नेहमी दुपारचे.

छापखान्याच्या कौलांत एक काचेचं कौल होतं. दुपारी दोन-अडीचला त्यातून उन्हाचा एक चौकोन खाली यायचा आणि टाइपच्या लाकडी केसवरून, म्हणजे खणांच्या पेटीवरून, हळूहळू सरकत जायचा. सर त्या चौकोनाबरोबर स्टूल सरकवत. कामात असले तर उन्हात बसत, आणि त्यांचे वाईट दिवस असले की चौकोन पुढे निघून जाई, सर मागे सावलीत राहत. आम्हाला त्यावरून कळायचं.

छापखाना कोल्हापुरात शनिवार पेठेतल्या एका गल्लीत होता. मी नेसरीजवळच्या खेड्यातून आलेलो, बोर्डिंगात राहत होतो, आणि सकाळचं कॉलेज झालं की तिथे जात होतो. पहिल्या दिवशी दारात उभा राहिलो तेव्हा दत्तूमामांनी चष्म्यावरून बघितलं. दत्तूमामा म्हणजे तिथले जुने कंपोझिटर, बोटं शिशानं कायमची काळी झालेली.

"कुठलं पावणं?"

मी गाव सांगितलं. तेवढ्यात कोपऱ्यातून एक आवाज आला, मऊ, जरा झोपेतला वाटणारा.

"नेसरीहून आजऱ्याला पायी किती वेळ लागतो?"

ते सर. वर बघितलंसुद्धा नव्हतं. मी म्हणालो, बाप्याला अर्धा दिवस, बाईमाणसाला बोजा असेल तर दिवस जातो. त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि मालकांना म्हणाले, या मुलाला ठेवून घ्या. माझं अक्षर, माझी इयत्ता, काहीही न विचारता मला काम मिळालं. त्या दिवसापासून ते मला नेसरीकर म्हणत. माझं नाव त्यांना ठाऊक होतं की नाही, मला आजही सांगता येणार नाही.

ते कधीकाळी हायस्कुलात शिक्षक होते, म्हणून सर. नोकरी आजारपणात सुटली होती. दोन कादंबऱ्या छापून झाल्या होत्या, त्यांचं कौतुक झालं होतं, आणि तिसरी चालू होती. ही तिसरी आमच्या छापखान्यात चालू होती, अगदी शब्दशः. हे नीट सांगायला हवं.

छापखान्यात एका वेळी आठ पानं जुळवता येतील एवढाच टाइप होता. आठ पानं जुळवायची, छापायची, ती झाली की एकेक खिळा, म्हणजे शिशाचं सुटं अक्षर, परत आपापल्या खणात टाकायचा, मग पुढची आठ. ह्या आठ पानांना फर्मा म्हणतात. कुठलंही पुस्तक असंच छापत, पण लेखक पुस्तक पुरं लिहून आणतो. सर तसं करत नसत. ते आठ पानं लिहून आणत. ती छापून माळ्यावर गेली की पुढची लिहायला घेत. मागचं बदलायची सोय नाही. मालक मोठे हौशी गृहस्थ होते. तालमीतले, वाचनाची फारशी आवड नसलेले, पण सरांचा त्यांना अभिमान. लग्नपत्रिका आणि अहवाल यांच्या मधल्या मोकळ्या दिवसांत ते हे काम घालत. त्यामुळे महिन्याला एक फर्मा, कधी तीन महिन्यांतून एक.

सर म्हणत, "मागे वळून बघता येत नाही तेच बरं. तिलाही येत नाही."

ती म्हणजे कादंबरीतली बाई. तिला नाव नव्हतं. नेसरीहून ती सकाळी निघते आणि आजऱ्याला आपल्या बहिणीकडे पायी जाते. एवढीच कादंबरी. वाटेत ती काय बघते, कुणाला भेटते, काय आठवते, कशासाठी निघाली आहे हे तिचं तिलाच कसं उलगडत जातं, ते सगळं त्या एका दिवसात. सर कोल्हापूरचे, नेसरी त्यांनी एस.टी.च्या खिडकीतून एकदा बघितली होती. म्हणून मी.

कसले कसले प्रश्न विचारत. बांधावर बसताना बाई चप्पल काढते का. भातकापणी झालेल्या रानातून चालताना पायाला काय टोचतं. दुपारी तहान लागली तर ती कुणाच्या दारात जाईल आणि आधी कुणाचं नाव घेईल. मी सांगायचो. सांगता सांगता मलाच नवल वाटायचं, की हे सगळं आपल्याला माहीत आहे. कॉलेजात मी कधी हात वर केला नाही. या माणसासमोर माझ्या आईची चालण्याची पद्धतसुद्धा ज्ञान ठरत होती.

त्यांच्या सवयी पुष्कळ होत्या. चहा दोन कप मागवायचे, एक प्यायचे, दुसरा तसाच निवू द्यायचे. मी एकदा विचारलं तर म्हणाले, ती सकाळपासून चालते आहे. दत्तूमामांनी लगेच तो कप उचलून तोंडाला लावला आणि म्हणाले, "मग तिला सांगा, मामानं पिला म्हणून. तिनं कुटं मला पानी इच्यारलं?" सर हसले. त्यांचं हसणं असं, की आधी डोळे मिटत आणि मग खांदे हलत.

त्यांना टाइप उलटा वाचता येत असे. खिळ्यावरचं अक्षर उलटं असतं, ओळीही उलट्या दिसतात. कंपोझिटरला ते सवयीनं येतं, पण दत्तूमामा अक्षरं बघत, मजकूर नाही. एक फर्मा जुळवून झाल्यावर त्यात काय आहे असं विचारलं तर म्हणायचे, "अक्षरं हाईत की." सर मात्र उलटा मजकूर वर्तमानपत्रासारखा झरझर वाचत. प्रूफसुद्धा ते हस्तलिखिताशिवाय तपासत. हस्तलिखित उरतच नसे. पान जुळवून झालं की ते कागद काढून घेत आणि फाडून टाकत. एकदा शिशात गेलं की कागदाचं काम संपलं, असं त्यांचं म्हणणं. मालकांना ते आवडायचं नाही, पण सांगणार कोण.

आता वाईट दिवसांविषयी.

ते येण्याआधी सर फार नीटनेटके होत. पेन्सिलींना टोकं काढत, स्टुलाखालचा कचरा स्वतः उचलत. मग एक दिवस येतच नसत. चार-आठ दिवसांनी काकू त्यांना हाताला धरून आणून सोडत. काकू म्हणजे त्यांच्या पत्नी, प्राथमिक शाळेत शिक्षिका. दाढी वाढलेली, सदऱ्याची बटणं काकूंनी लावलेली, आणि नजर अशी, की आपण त्यांच्या समोर उभे राहिलो तरी त्यांच्या आणि आपल्या मध्ये पाण्याचा एक थर आहे असं वाटावं. त्या दिवसांत त्यांना लिहायला कुणी सांगत नसे. मालक त्यांना टाइप मोडायला देत. म्हणजे छापून झालेला मजकूर घ्यायचा आणि एकेक खिळा परत खणात टाकायचा. काना कान्यात, वेलांटी वेलांटीत. ते काम ते तासन्‌तास करत. टक, टक, टक असा बारीक आवाज येत राही. छपाईचं ट्रेडल मशीन बंद असलं की तो आवाज साऱ्या छापखान्यात भरून राहायचा, आणि बाहेर गल्लीतून गुळाच्या गाड्या जात असल्या तर तो गोड जड वास आणि हा आवाज मिळून मला डुलकी लागायची.

कसे आहात, असं विचारलं तर म्हणायचे, "कान्याचा खण रिकामा झालाय, नेसरीकर." सगळ्यात जास्त लागणारं अक्षर तेच. काना नसला तर एक वाक्य जुळत नाही.

एकदा मी धीर करून विचारलं, सर, तुम्हाला कसलं दुःख आहे? आमच्याकडे दुःखाला कारण असतं. कुणी गेलं, जनावर मेलं, भाऊबंदकी.  त्यांनी हातातली ओळ पुरी मोडली आणि म्हणाले, "दुःख नाही रे. दुःखाला चव असते. ह्याला चवच नाही."

मिरजेचे डॉक्टर म्हणाले होते, हा आजार आहे, मधुमेहासारखा, गोळ्या घ्या. गल्लीतले लोक म्हणत, लेखक म्हटल्यावर असंच. दत्तूमामा ज्योतिबाला जाऊन आले आणि गुलाल आणून सरांच्या टाइपच्या केसला लावला. सरांनी तो पुसला नाही. या तिन्हींतलं खरं काय ते मला तेव्हा कळलं नाही. आता वाटतं, डॉक्टरांचं खरं होतं, आणि दत्तूमामांचंही चूक नव्हतं.

बावीस फर्मे झाले होते. एकशे शहात्तर पानं. बाई आजऱ्याच्या अलीकडे एका ओढ्यापाशी येऊन बसली होती, आणि उन्हं उतरली होती. पुढचा फर्मा शेवटचा. सगळे सरांच्या मागे लागले होते. मालक रोज विचारत. पुण्याच्या एका मासिकानं पत्र पाठवलं होतं. दत्तूमामा म्हणत, "सर, त्या बाईला उठवा की आता. बसून बसून पाय आखडलं असतील तिचं."

त्याच सुमारास एका रविवारी काकूंनी मला घरी बोलावलं. प्रूफ आणून दे असा निरोप होता, पण प्रूफ कुठलंच नव्हतं. सर आत झोपले होते. काकू तांदूळ निवडत बसल्या होत्या. मला समोर पाट दिला, लाडू दिला, आणि मी खाईपर्यंत तांदूळ निवडत राहिल्या. मग हळू आवाजात सांगायला लागल्या. पहिली कादंबरी संपली तेव्हा सर सहा महिने अंथरुणातून उठले नाहीत. दुसरी संपली त्याच्या आठव्या दिवशी सकाळी ते चप्पल न घालता पंचगंगेवर गेले. घाटावर धुणं धुणाऱ्या बायकांनी त्यांना पाण्यात चालत जाताना बघितलं, ओळखलं आणि घरी आणलं. त्यानंतर मिरजेच्या दवाखान्यात सात महिने. लिहीत असतात तोवर ते चांगले-वाईट का होईना, असतात. संपलं की त्यांना उद्या उठायचं कशासाठी ते सापडत नाही.

"सगळे त्यांना म्हणतात, पुरी करा," काकू म्हणाल्या. "आणि मी इथे बसून मनात म्हणते, नको. ती बाई तिथेच बसू दे. पाप आहे का रे हे?"

 एकोणीस-वीस वर्षांचा मी. मी म्हणालो, नाही काकू. त्यांनी तांदळातला खडा काढून बाजूला ठेवला आणि म्हणाल्या, "तू त्यांना वाट सांगतोस. जरा लांबची सांगत जा."

मी हो म्हणालो. मी हो म्हणालो होतो, हे इथे लिहून ठेवतो.

पण सरांना आता माझ्याकडून काही नको होतं. पंधरा दिवसांत त्यांनी शेवटची आठ पानं आणली. त्या दिवशी सकाळी माझी परीक्षा होती, त्यामुळे मी नव्हतो. दत्तूमामांनी ती जुळवली, पानं दोऱ्यानं बांधून दोन फळ्यांवर ठेवली. प्रूफ काढायचं राहिलं, कारण त्या दिवशी शाईचे रूळ नव्यानं ओतायचे होते. सरस आणि गूळ एकत्र शिजवून ते रूळ ओततात, आणि ते निवेपर्यंत काहीही छापता येत नाही. रुळांच्या साच्यांनी वरचं फडताळ भरलं होतं, म्हणून मामांनी त्या दोन फळ्या खालच्या फडताळात ठेवल्या. हस्तलिखित सरांनी नेहमीप्रमाणे फाडून टाकलं.

खालच्या फडताळात नेहमी छापून झालेला मजकूर असे. मोडायचा. त्यावर खडूनं फुली मारणं हे माझं काम. मी दुपारी आलो, खाली दोन फळ्या दिसल्या, सोसायटीचा अहवाल छापून झाला होताच, मी फुल्या मारल्या. उलटा मजकूर मला वाचता येत नसे, आणि वाचायचा प्रयत्नही मी केला नाही. चुकून मारल्या. चुकून म्हणजे खरंच चुकून. काकूंचं बोलणं मनात असताना हात आपोआप गेला की काय, असं मी स्वतःला पुष्कळदा विचारलं आहे. दर वेळी उत्तर येतं, नाही. तरी दर वेळी मी विचारतो.

सर सावलीत बसले होते. पानं देऊन झाल्यावर तासा-दोन तासांतच ते पाण्याच्या थरामागे गेले होते. हात नुसते मांडीवर. मला ते बघवेना. मी पहिली फळी उचलून त्यांच्यासमोर ठेवली.

त्यांनी दोरा सोडला, वरची ओळ हातात घेतली. मग माझ्याकडे बघितलं. तो थर क्षणभर नव्हता.

"हे मोडायचं?"

"हो सर," मी म्हणालो. "मोडा."

त्यांनी मान हलवली. मग तो टक, टक आवाज सुरू झाला. मी शेजारीच बसून लग्नपत्रिकांची प्रुफं वाचत होतो. बाहेर रूळ शिजत होते, सरसाचा आणि गुळाचा वास येत होता. उन्हाचा चौकोन केसवरून भिंतीवर गेला, भिंतीवरून वर चढला आणि गेला. साडेसहाला सरांनी दुसरी फळी मोडून पुरी केली, हात पुसले आणि मला म्हणाले, "चल, नेसरीकर, रंकाळ्यावर जाऊन बसू." कित्येक दिवसांनी ते माझ्याशी आपणहून काही बोलले होते. आम्ही जाऊन बसलो. त्यांनी दाणे घेतले. पाण्यावर संध्याकाळ पसरली होती, पलीकडचा काठ आहे की नाही ते कळत नव्हतं, आणि सर अगदी हलके दिसत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी छापखान्यात गोंधळ. दत्तूमामा फळ्या हुडकत होते. मी फुल्या मारल्या त्या फळ्या याच, हे माझ्या लक्षात आलं. मालक तालमीच्या आवाजात मामांवर ओरडत होते, आणि मामा म्हणत होते, "म्या हितंच ठेवल्यालं, मालक. हितंच." मी तोंड उघडणार, तेवढ्यात सर आले. दाढी केलेली. बटणं स्वतः लावलेली.

"दत्तोबाला बोलू नका," ते म्हणाले. "मीच मोडली. मागून घेतली."

 मालकांनी विचारलं, "का?"

"जमली नव्हती."

त्या दिवशी मी मामांना एकटं गाठून विचारलं, मामा, काय होतं हो त्या पानांत? मामांनी डोकं खाजवलं. "ळ लई लागलं बघ," ते म्हणाले. "शेजारच्या खणातनं उसनं घ्यावं म्हटलं, तर ळ कोन देतंय." एवढंच. मी रात्रंदिवस ळ असलेले शब्द आठवत होतो. आभाळ, ओंजळ, जवळ, संध्याकाळ.

सरांना मी आठ दिवसांनी कबूल केलं. चौकोनातच बसले होते. मी म्हणालो, सर, फुली मी मारली होती, मला माहीत नव्हतं. मला रडू आलं. त्यांनी माझ्याकडे न बघता पेन्सिलीला टोक काढलं.

"तुला वाचता येत नव्हतं," ते म्हणाले. "मला येत होतं."

मग पेन्सिलीचं टोक बघत म्हणाले, "सगळे म्हणत होते, पुरं करा. तू एकट्यानं मोडा म्हटलंस. बरं वाटलं."

त्यानंतरची पाच वर्षं सर जगले. मी हे असं लिहितो, कारण काकू तसंच म्हणत. वाईट दिवस येत, पण जात. ते रोज छापखान्यात येत, शेवटची पानं लिहीत आणि संध्याकाळी फाडत. मालक आधी चिडले, मग थकले, मग बावीस फर्मे माळ्यावर आहेत हेच विसरले. बी.ए. होऊन मला राधानगरीजवळ एका हायस्कुलात नोकरी लागली. निरोपाच्या दिवशी काकूंनी माझ्या हातावर साखर ठेवली आणि म्हणाल्या, "अजून बसली आहे हं ती." आम्ही दोघंच हसलो. ते आमचं गुपित होतं.

दिवाळीत आणि मे महिन्यात मी कोल्हापूरला जाई. दर वेळी सरांचे केस जास्त पांढरे, बाकी तेच. दोन कप चहा. मामांना आता बारीक अक्षरांसाठी भिंग लागायचं, आणि सर त्यांना चिडवत, की दत्तोबा, आता तुम्हीही मजकूर वाचायला लागा, अक्षरं दिसत नाहीत तर. मामा म्हणत, "ह्या वयात नगं ते वाचायचं येसन."

शेवटच्या मे महिन्यात गेलो तेव्हा सर फार प्रसन्न होते. माझ्या शाळेची चौकशी केली. पोरांना काय शिकवतो, फळ्यावर अक्षर कसं काढतो. मला फार बरं वाटत होतं. मग त्यांनी सहज विचारलं,

"वैशाखात त्या ओढ्याला पाणी असतं का रे?"

कित्येक वर्षांनी त्यांनी मला वाटेचं विचारलं होतं. मी मास्तर झालो होतो, पण त्यांच्यासमोर पुन्हा तो दारात उभा राहिलेला मुलगा झालो. मी म्हणालो, धार आटते, पण डोह असतो. आणि पुढे बोलतच गेलो. ओढा ओलांडला की चढण आहे. चढावर करवंदीच्या जाळ्या. टेकाडावर गेलं तरी आजरा दिसत नाही, मध्ये झाडी येते. पण काजू भाजल्याचा वास येतो. धुराचा, तेलकट, जरा गोड. गाव दिसायच्या आधी तो वास येतो, आणि आई तिथे नेहमी पदरानं तोंड पुसते, कारण आता माणसं भेटणार.

"वास आधी येतो?" सर म्हणाले.

"हो सर. पुष्कळ आधी."

त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं आता खांदे हलतील. हलले नाहीत. ते तसेच बसून राहिले, उन्हात, आणि चेहऱ्यावर असं काही होतं, की मी बोलायचं थांबलो. काकूंना मी कबूल केलेलं मला त्या वेळी आठवलं नाही. एस.टी.त बसल्यावर, गाडी पुईखडीच्या चढाला लागल्यावर आठवलं. पण तेव्हाही मी स्वतःची समजूत घातली, की वाट तर पाच वर्षांपूर्वीच सांगून झाली होती, आज फक्त एक वास सांगितला.

पुढे पावसाळा लागला. आमच्याकडे तो लागला की चार महिने जगाशी संबंध कमी होतो. रस्त्यावर झाड पडतं, एस.टी. येत नाही, टपाल एकदम गठ्ठ्यानं येतं. भातलावणी चालू होती, वर्गात निम्मी मुलं नव्हती. पोस्टमन इरल्यातून कार्ड काढून माझ्या हातात देऊन गेला. कडा भिजल्या होत्या. दत्तूमामांचं अक्षर मी लगेच ओळखलं. ते लिहितानासुद्धा एकेक अक्षर सुटं ठेवतात, जुळवल्यासारखं.

पहिली ओळ अशी होती: "सरांची कादंबरी पुरी झाली, शेवटला फर्मा काल छापला."

मुलं पाढे म्हणत होती. मी व्हरांड्यात उभा होतो. ज्यानं ज्यानं या पुस्तकाची वाट बघितली, त्या प्रत्येकाला ही ओळ वाचून आनंद झाला असता. मी कार्ड उलटं धरलं आणि समोरच्या रानातल्या लावणीवाल्या बायकांकडे बघत राहिलो. पाऊस इतका बारीक होता की त्या पावसातून नव्हे, दुधातून चालल्यासारख्या दिसत होत्या. आतून एक मुलगी आली आणि म्हणाली, सर, सतराचा झाला, आता कितीचा? मी तिला अठराचा म्हणायला सांगितलं. तो पुरा होईपर्यंत मी थांबलो. मग कार्ड सुलटं केलं.

"कागद अजून वाळल्यालं नव्हतं, तवा काकूंचा निरोप आला. सकाळी चहा घिऊन खुर्चीत बसल्यालं, तितंच. सर गेले."